पाटीवरची नववी पायरी

"अहो, सहा नंबरची दाढ तुमच्या तोंडातच नाही! बारा वर्षांपूर्वी मीच काढलीय ती. दुखतेय ती सात!"

डॉक्टर फोनवर जवळजवळ ओरडत होते. दातांचा दवाखाना विकून तीन वर्षं झाली, तरी जुने पेशंट त्यांना सोडत नव्हते. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही सुटका नकोच होती. पलीकडचे गृहस्थ हट्टाला पेटले होते. सहा गेली, मग मागची पुढे सरकून सहा नाही का झाली, असा त्यांचा सवाल होता.

"दाढा म्हणजे काय तिकिटाची रांग आहे पुढे सरकायला?" असं म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला.

खिडकीशी बसून वहिनी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या. त्या डॉक्टरांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. तीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत दावे तपासले. गोदाम आपोआप जळलं की कुणी जाळलं, हे त्या राखेकडे बघून सांगत. नवरा गेला, नोकरी संपली, तेव्हा त्यांनी खासगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली. ओळखीपाळखीचे सगळे त्यांना वहिनीच म्हणत. डॉक्टर वरच्या मजल्यावर राहत आणि दिवसभर खाली असत. या तपासांत त्यांचं काम सोबतीला जाण्याचं आणि चुकीच्या माणसावर संशय घेण्याचं.

दाराची घंटा वाजली. सव्विसेक वर्षांची एक मुलगी आत आली. डोळे सुजलेले, पण आवाज घट्ट.

"मी आवाजपेढीत तंत्रज्ञ आहे," ती म्हणाली. "माझ्या हातून सात माणसांचे आवाज पुसले गेले. माझे वरिष्ठ सांगताहेत, चूक त्यांची. ते खोटं बोलताहेत. आज चार वाजता समिती त्यांना घरी पाठवणार आहे. वहिनी, ते खोटं बोलताहेत हे मला सिद्ध करून हवंय."

"म्हणजे दोष तुझ्यावर यावा म्हणून तू माझ्याकडे आलीस?" वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली. "बस. भावोजी, चहा टाका. आणि नीट सांग गं, पहिल्यापासून."

मुलीने सांगितलं ते असं. घशाच्या ऑपरेशननंतर ज्यांचा आवाज जाणार असतो, ती माणसं आधी आवाजपेढीत येऊन आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवतात. एक सॉफ्टवेअर त्यातून आवाज बांधतं. मग पुढे माणसाने लिहिलं की यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. पेढीच्या तीन शाखा, पण सॉफ्टवेअरची टूल्स सगळ्यांची सामायिक. ती कशी बसवायची, याच्या नोंदी लिहिण्याचं काम बावीस वर्षं एकच माणूस करत होता. मुलीचे वरिष्ठ ते हेच. त्यांना सगळे नोंदकाका म्हणत.

"मागच्या सोमवारी माझ्या शाखेत त्या टूलची नवी आवृत्ती बसवायची होती. मला तिथे लागून तीनच महिने झालेत. काकांना फोन केला. ते म्हणाले, 'एक ते चार नेहमीसारख्या कर, मग सरळ नऊ. नऊ झाली की थांब, मला फोन कर.'"

"पायऱ्यांचे आकडे?"

"हो. फोनवर काका कधीच शब्द सांगत नाहीत, आकडाच सांगतात. त्यांचा नियमच आहे तो. शब्द गोंधळ करतात, आकडा करत नाही म्हणतात."

"मग तू नऊ केलीस."

"केली. आणि जुन्या आवृत्तीचा कप्पा रिकामा झाला. सात माणसांची रेकॉर्डिंग्ज गेली. सहा जणांचं ऑपरेशन व्हायचं होतं, ते परत येऊन बोलून गेले. पण एक शिक्षिका आहेत… त्यांचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं."

डॉक्टर चहाचे कप घेऊन आले आणि त्यांनी एक तिच्यासमोर ठेवला.

"समितीचं म्हणणं काय?" वहिनींनी विचारलं.

"नोंदीत नऊ म्हणजे जुनी रेकॉर्डिंग्ज तिजोरीत, म्हणजे सुरक्षित साठ्यात, हलवणं. दहा म्हणजे कप्पा मोकळा करणं. म्हणजे एक तर मी नऊ ऐकून दहा केली, नाहीतर काकांनीच दहा सांगितली. मी शपथेवर सांगते, काका नऊ म्हणाले आणि मी नऊच दाबली. पण दोन दिवसांनी काकांनी लिहून दिलं, मी दहा म्हणालो. मला वाचवायला! आता मलाच कळेनासं झालंय मी काय दाबलं ते."

"दाबलं? कशावर?"

"पाटीवर. सामायिक टूल्सची पाटी म्हणतात तिला, म्हणजे स्क्रीनवरचं एक पान हो. प्रत्येक टूलच्या फोल्डरमध्ये त्याची नोंद असते, पाटी ती उचलून दाखवते. एका वेळी एकच पायरी, मोठ्या अक्षरांत. आकडा दाबला की ती पायरी समोर येते. वर कोपऱ्यात एकूण पायऱ्या किती ते असतं."

"या टूलच्या किती?"

"तेरा. मी सुरू करण्याआधी बघते नेहमी, किती काम आहे ते."

वहिनींनी शब्दकोड्याच्या कडेला १३ लिहिलं. "मूळ नोंद कधी पाहिलीस?"

"नाही. दोन महिन्यांपूर्वी पाटी आली, तेव्हापासून शाखांना फोल्डर उघडत नाहीत. आणि या प्रकारानंतर संचालकांनी पाटीही बंद ठेवलीय."

"चला भावोजी," वहिनी उठल्या. "चहा गार करून प्यायची तुमची सवय आज मोडा."

*

आवाजपेढीची मुख्य इमारत शांत होती. जाड दारं, भिंतींना आवाज शोषणाऱ्या गाद्या, जिन्यावरही सतरंजी. डॉक्टरांना आपल्या बुटांची लाज वाटली. संचालक वहिनींना ओळखत होते. इथे एकदा आग लागली होती तेव्हाचा दावा वहिनींनीच तपासला होता.

"विचारा कुणालाही काहीही," संचालक थकल्या आवाजात म्हणाले. "पण चारला बैठक आहे. त्या शिक्षिकाबाईंना मला उत्तर द्यायचंय. कुणाची चूक झाली ते तरी सांगता आलं पाहिजे."

पहिल्यांदा ते उपप्रमुखांकडे गेले. हे गृहस्थ नोंदकाकांच्या हाताखाली नऊ वर्षं होते आणि काका गेले तर त्यांच्या खुर्चीत बसणार होते. डॉक्टरांनी तिथल्या तिथे गुन्हेगार ठरवून टाकला.

"काकांबद्दल आदर आहेच," उपप्रमुख म्हणाले, "पण वय झालं की होतात चुका. पाटीला त्यांचा विरोध होता. उघडूनसुद्धा बघितली नाही त्यांनी. म्हणे, माझी नोंद मला पाठ आहे."

"नोंदीत कुणी फेरफार केला असेल?"

"छे. फाइलला शेवटचा हात लागलाय तो दीड वर्षापूर्वी, काकांचाच. समितीसाठी मीच छापून काढली." त्यांनी पाठपोट छापलेला एक कागद पुढे केला.

वहिनींनी तो डॉक्टरांच्या हातात दिला. "वाचा भावोजी. मी चष्मा घरी विसरले." चष्मा त्यांच्या गळ्यात लटकत होता, तरी डॉक्टर मोठ्याने वाचू लागले.

कागद मोठा गमतीचा होता. काकांनी नोंद लिहिली होती ती समोर माणूस बसवून बोलल्यासारखी. पहिली पायरी, 'घाई असेल तर आज हे काम करू नका.' पुढच्या मशीन तपासण्याच्या, जुनी आवृत्ती थांबवण्याच्या. पाचवी, 'नवी आवृत्ती शेजारच्या फोल्डरमध्ये उतरवा,' आणि पान संपलं. डॉक्टरांनी कागद उलटला. सातवी, 'माइकची जोडणी तपासा, स्वतःचं नाव बोलून बघा, लाजू नका.' आठवी कसल्याशा चाचणीची. नववी, 'जुन्या कप्प्यातली सगळी रेकॉर्डिंग्ज तिजोरीत हलवा.' दहावी, 'तिजोरी उघडून सगळं आहे ना हे डोळ्यांनी बघा, मगच जुना कप्पा मोकळा करा.' अशा एकेक करत चौदावी, 'पाणी प्या. मग मला फोन करा.'

"माणूस चांगला दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

"नोंदीवरून तरी," वहिनी म्हणाल्या आणि कागद घडी घालून पिशवीत टाकला.

*

पाटी ज्या बाईंनी तयार केली, त्या चाळिशीच्या होत्या. सगळं जागच्या जागी ठेवणाऱ्या. टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. त्यांनी वहिनींना बसायला सांगितलं आणि प्रश्न यायच्या आधीच उत्तर दिलं.

"मी कुणाच्या नोंदीतला स्वल्पविरामसुद्धा बदललेला नाही. प्रकार घडला त्या रात्रीच मी तपासणी चालवली. फाइलमधला मजकूर आणि पाटीवरचा मजकूर, शब्दाला शब्द लावून. एकही शब्द इकडचा तिकडे नाही."

"मग पाटी करते तरी काय?"

"नीटनेटकं दाखवते. इथे साठ टूल्स, लिहिणारे बारा. कुणी आकड्यापुढे टिंब देतो, कुणी कंस करतो, कुणी आकड्याऐवजी नुसती रेघ मारतो. वाचणाऱ्याने काय करायचं? पाटीवर सगळ्यांच्या पायऱ्या एकसारख्या दिसतात, ओळीने, स्वच्छ."

"काकांना आवडली नाही म्हणे."

बाईंचा चेहरा जरा पडला. "बघितलीच नाही त्यांनी. बघितली असती तर आवडली असती. त्यांच्या नोंदी लोकांनी नीट वाचाव्यात म्हणूनच तर केली मी." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "या टूलची आवृत्ती पाटी आल्यानंतर पहिल्यांदाच बसवली जात होती. तेव्हापासून मला झोप नाही. वाटतं, माझंच काही चुकलं असेल. पण शोधून सापडत नाही."

बाहेर आल्यावर डॉक्टर कुजबुजले, "एवढी नीटनेटकी बाई मला नेहमी संशयास्पद वाटते."

"तुम्हाला मघाशी उपप्रमुख वाटत होते."

"ते अजून वाटतातच."

*

नोंदकाका तळमजल्यावरच्या एका लहान खोलीत होते. सामान आवरत होते. पासष्टीच्या आतबाहेरचे, बारीक, पांढरी मिशी. वहिनींनी ओळख करून दिली तशी त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि दोघांची माहिती लिहून घेतली. डायरी नवीच होती, पण अर्धी भरत आली होती.

"पोरीने पाठवलं ना तुम्हाला?" काका हसले. "चांगली आहे हो ती. मी नऊ म्हणालो असं सगळ्यांना सांगत फिरतेय. सांभाळून घेतेय मला."

"तुम्ही दहा म्हणालात?"

"लिहून दिलंय तसं."

"त्या सोमवारी फोन आला तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"पंखा दुरुस्त करायला माणूस आला होता. शिडीवर होता तो. मी म्हटलं, जरा थांब, हातोडी वाजवू नको. खिडकी उघडी होती, समोर ट्रक लागलेला. पोरगी घाबरलेली वाटली म्हणून आधी म्हटलं, श्वास घे." काका हे सगळं भडाभडा बोलले. मग थांबले. टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, 'दिवा बंद.' दारावर दुसरी, 'चष्मा, किल्ली, डबा.' ती सगळी त्यांनी नजरेखालून घातली.

"आणि मग दहा म्हणालात," वहिनी हळूच म्हणाल्या.

"तसंच झालं असेल ना! नऊ सांगितली असती तर पोरीने नऊ केली असती. ती चुकणारी नाही. मग चुकलं कोण?"

डॉक्टरांना खुर्चीवरच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं एक पाकीट दिसलं. त्यावर मेंदूविकार तज्ज्ञांचं नाव आणि उद्याची तारीख होती. डोकं दुखत असेल म्हाताऱ्याचं, असा त्यांनी विचार केला. या प्रकाराने कुणाचंही दुखेल.

"भाऊबहिणी आहेत?" वहिनींनी एकदम विचारलं.

"थोरला भाऊ होता. शेवटची सहा वर्षं मला ओळखत नव्हता." काकांनी एक खोका दोरीने बांधला. गाठ पहिल्या झटक्यात, पक्की बसली. "जाऊ द्या. तुम्ही चहा घेणार का?"

व्हरांड्यात आल्यावर वहिनी बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या. डॉक्टरांना वाटलं, रागावल्या असतील. जवळ जाऊन पाहिलं तर त्या चष्मा पुसत होत्या, गळ्यातलाच.

"भावोजी, सकाळचे तुमचे पेशंट. सहा गेली तर सातलाच सहा म्हटलं तर काय बिघडतं?"

"बिघडतं म्हणजे? माझ्या कार्डावर सात म्हणजे शेवटपर्यंत सातच. मी लिहून ठेवलं, सात काढा. उद्या दुसऱ्या डॉक्टरने उरलेल्या दाढा मोजून नवे आकडे घातले, तर तो सात म्हणून आठ उपटेल! चांगली धडधाकट दाढ जाईल माणसाची!"

"जाईल ना?" वहिनी म्हणाल्या. "चला, पावणेचार झाले."

*

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि भिंतीवर मोठा स्क्रीन. संचालक, उपप्रमुख, पाटीवाल्या बाई, मुलगी आणि सर्वांत शेवटी, दाराजवळच्या खुर्चीत, नोंदकाका.

"या प्रकरणात एक जण खोटा ठरलाच पाहिजे, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय," वहिनी उभ्या राहून म्हणाल्या. "मुलगी म्हणते नऊ सांगितली, नऊच केली. मशीन सांगतं, कप्पा मोकळा झाला. कागद सांगतो, कप्पा मोकळा करणं ही दहावी. मीही सकाळपासून खोटं बोलणारा शोधत होते. आमच्या भावोजींना तर दोन-तीन सापडलेही."

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं.

"पण दोन आकडे मला स्वस्थ बसू देईनात. मुलगी म्हणाली, पाटीवर या टूलच्या पायऱ्या तेरा. आणि कागदावर शेवटची पायरी चौदावी."

"एक पायरी पाटीने गाळली?" उपप्रमुख पुढे झुकले.

"शक्य नाही," पाटीवाल्या बाई म्हणाल्या. "शब्दाला शब्द लावलाय मी."

"बरोबर आहे तुमचं. एकही शब्द गळलेला नाही. आता हा कागद मोजा." वहिनींनी छापील नोंद टेबलावर ठेवली. "आकडे वाचू नका, ओळी मोजा."

उपप्रमुखांनी बोट ठेवून मोजलं. मग पुन्हा मोजलं. "तेरा," ते म्हणाले. "पण चौदा लिहिलंय."

"पान उलटताना बघा. पुढच्या बाजूला शेवटची पाचवी. मागच्या बाजूला पहिली कुठली?"

"सातवी." उपप्रमुखांचा आवाज खाली आला. "सहावी नाहीच. पान उलटण्यात ते… मी इतक्या वेळा वाचलंय हे."

"सगळ्यांनीच वाचलंय. काका, सहावी कुठे गेली?"

नोंदकाका दचकले. "सहावी? ती कुलूप-किल्लीची होती. कंपनीकडून परवान्याचा आकडा आणून घालायचा असे. दीड वर्षापूर्वी कंपनीने ते बंद केलं, मी ओळ काढून टाकली."

"आणि सातवीला सहावी केलं नाहीत."

"कसं करणार?" काकांना प्रश्नच कळला नाही. "तिन्ही शाखांत माझे आकडे पाठ आहेत लोकांना. नऊ म्हणजे तिजोरी, दहा म्हणजे मोकळा कप्पा. मी एक आकडा सरकवला, तर कुणीतरी एक दिवस नऊ ऐकून भलतंच…"

ते थांबले.

"दाढ!" डॉक्टर ओरडले. "वहिनी, दाढ! सात म्हणून आठ!"

"भावोजी, खाली बसा," वहिनी प्रेमाने म्हणाल्या आणि पाटीवाल्या बाईंकडे वळल्या. "तुम्ही सांगितलंत, कुणी टिंब देतो, कुणी कंस, कुणी नुसती रेघ, आणि पाटी सगळ्यांच्या पायऱ्या एकसारख्या दाखवते. हे ती कसं करते?"

बाईंचा रंग उतरत गेला. "लिहिणाऱ्याने पुढे काय खूण केलीय ती काढून टाकते. आणि मग स्वतःचे आकडे घालते. एकपासून, ओळीने." त्यांनी दोन्ही हात तोंडावर नेले. "मी शब्द लावून पाहिले. आकडे लावून पाहिलेच नाहीत. आकडे पाटीच घालते, त्यात काय चुकणार असं…"

"पाटी सुरू करा. या भिंतीवर."

बाईंनी कळ दाबली. स्क्रीन उजळला. कोपऱ्यात आलं, एकूण पायऱ्या तेरा.

"चार दाबा," वहिनी म्हणाल्या. पाटीवर आणि कागदावर एकच मजकूर. "सहाच्या आधीचं सगळं जुळतं. म्हणून मुलीला चारपर्यंत शंका येण्याचं कारणच नव्हतं. आता नऊ."

मोठ्या, सुबक अक्षरांत भिंतीवर पायरी उमटली. तिच्यापुढे आकडा होता नऊ. 'तिजोरी उघडून सगळं आहे ना हे डोळ्यांनी बघा, मगच जुना कप्पा मोकळा करा.'

मुलगी उभी राहिली. "हेच. हेच होतं समोर. मी तिजोरी उघडली होती, आत बरीच रेकॉर्डिंग्ज दिसली. मला वाटलं, काकांनी तिकडून आधीच हलवली असतील. ती जुनी, दुसऱ्या पेशंटची होती, ते मला कसं कळणार? आधीची पायरी तर मला दिसतच नव्हती."

"काका नऊ म्हणाले," वहिनी म्हणाल्या. "तिने नऊ केली. काकांनी आकडा जपला, कारण त्यांना लोकांची काळजी होती. बाईंनी आकडे नीट लावले, कारण त्यांनाही लोकांचीच काळजी होती. काकांनी पाटी उघडून बघितली नाही आणि बाईंनी काकांना विचारलं नाही. चूक झाली ती एवढीच. दोघांनी एकदा शेजारी बसून चहा घेतला असता, तर त्या शिक्षिकाबाईंचा आवाज आज पेढीत असता."

पाटीवाल्या बाई रडत होत्या. "त्यांच्याकडे मी जाईन," त्या म्हणाल्या. "मला जायलाच हवं."

"आपण सगळे जाऊ," संचालक म्हणाले. मग त्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. "पण एक कळलं नाही. काका, तुम्ही नऊ म्हणाला होतात, तर दहा म्हणालो असं लिहून का दिलंत?"

"त्याचं उत्तर मला ठाऊक आहे असं वाटतं," वहिनी म्हणाल्या, "पण ते सांगायचा अधिकार माझा नाही."

काकांनी मान खाली घातली होती. बोलायला लागले तेव्हा आवाज इतका बारीक की डॉक्टरांना पुढे सरकावं लागलं.

"आमच्या थोरल्याचं असंच सुरू झालं होतं. सांगायचा एक आणि शपथेवर म्हणायचा दुसरंच सांगितलं. आम्ही हसायचो. मग एक दिवस त्याने मला विचारलं, आपण कोण?" त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मला नऊ आठवत होतं. स्वच्छ आठवत होतं. पण कप्पा तर मोकळा झालेला. पोरगी चुकणार नाही. म्हटलं, मग सुरू झालं आपलंही. त्या दिवसापासून सगळं लिहून ठेवतोय. उद्या डॉक्टरांकडे जायचंय. मी तिला वाचवायला खोटं नाही बोललो साहेब. मला खरंच वाटलं, की माझं डोकं गेलं."

डॉक्टरांना ती डायरी आठवली, चिठ्ठ्या आठवल्या, ते पाकीट आठवलं. सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यांनी डोकेदुखी ठरवून टाकली होती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"ज्या माणसाचं डोकं गेलेलं असतं," वहिनी म्हणाल्या, "त्याला शिडीवरचा माणूस, हातोडी, उघडी खिडकी आणि समोरचा ट्रक आठवत नाही, काका. त्या फोनमधलं तुम्हाला सगळं आठवत होतं. तुम्ही फक्त एका आकड्यावर विश्वास ठेवला नाहीत."

मुलगी टेबलाला वळसा घालून काकांपाशी आली. ती रागावलेली होती, आणि तो राग तिने लपवला नाही. "मला विचारलं का नाहीत? मी आठ दिवस माझ्याच बोटांवर विश्वास ठेवत नव्हते! मला वाटत होतं, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलताय."

"आणि मला वाटत होतं, तू माझ्यासाठी."

ती त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. काकांनी तिचा हात धरला. बावीस वर्षं दुसऱ्यांना आकडे सांगणारा तो माणूस एखाद्या विद्यार्थ्यासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"पोरी, मी नऊच म्हणालो ना?"

"नऊच म्हणालात, काका."

"दहा नाही?"

"नाही. नऊ."

काकांचे ओठ हलले. संचालक काही बोलणार होते, पण वहिनींनी त्यांना हाताने थांबवलं.

"परत एकदा सांग," काका म्हणाले.

आणि ती सांगत राहिली.